नामदिनाला कुणाला बोलवायचे नसते

टोरंटो, १५ डिसेंबर, संध्याकाळ

टक, टक, टाक. कवितेचे वजन डोक्यात शिरावे म्हणून आपले मास्तर ऑलिव्हची छडी मेजावर आपटायचे, तो आवाज पाच वाजल्यापासून माझ्या कानात आहे. (रेडिएटरचा असेल, असे सूनबाई म्हणेल. म्हणो.)

प्रिय मित्र पोलिक्रोनी यास लेफ्तेरिसचा सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचे डोळे? इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे पत्राच्या सुरुवातीला जेवढे असावे लागते तेवढे.

आज माझा नामदिन, ज्या संताचे नाव मला ठेवले त्याचा दिवस. (वाढदिवसाचे काय, तो गाढवालाही असतो.) आपल्या गावची रीत तू विसरला नसशील: नामदिनाला कुणाला बोलवायचे नसते. दार उघडे टाकायचे, कोट घालून बसायचे आणि येईल त्याच्यापुढे तबक धरायचे. स्वतःच्या नामदिनाचे आमंत्रण देणारा भिकारी, असे माझी आई म्हणे. तेव्हा मी बोलावलेले नाही. चार वाजता लग्नातला कोट चढवला (पोटाशी बटण लागत नाही, पण बसल्यावर दिसत नाही), बारा पेले मांडले, आंबट चेरीचा मुरंबा काढला आणि पिठीसाखरेत लोळवलेली बदामाची बिस्किटे रचली. ती मीच भाजली. पहिल्या घाण्याचा कोळसा झाला, छतावरचा धुराचा भोंगा बोंबलू लागला, त्याला मी झाडूच्या दांड्याने गप्प केले आणि तो कायमचाच गप्प झाला. पाच वाजता दार सताड उघडले. बाहेर उणे अकरा.

आता सव्वासात. आतापर्यंत आलेले पाहुणे: बर्फ. शेजारच्या फुर्तादोबाई आल्या होत्या, पण त्याला येणे म्हणता येणार नाही, त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"अहो, दार उघडं राहिलंय तुमचं."

"राहिलं नाही, ठेवलंय."

"सगळी ऊब रस्त्यावर चाललीय की."

"जाऊ दे. कुणाला तरी लागेल."

त्यांनी माझ्याकडे, मग कोटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिले आणि मी तबक उचलेपर्यंत निघूनही गेल्या.

गेल्या महिन्यात आमच्या अंदोनीने (चिरंजीव, आता पन्नाशीचा आहे आणि माझ्याशी बालवाडीतल्या मुलाशी बोलावे तसे बोलतो) मला वस्तीच्या केंद्रातल्या मानसतज्ज्ञ मुलीकडे नेले, कारण मी हल्ली गप्प असतो म्हणे. तिने कागद दिला: स्वतःला ग्रीक किती समजता, एक ते पाच, कॅनेडियन किती, एक ते पाच. मला परीक्षा म्हटली की पैकीच्या पैकी हवेत, हे तू जाणतोसच. मी पाच आणि पाच लिहिले. पोर हरखली. दोन्ही घरांत रुळलेली माणसे सर्वांत सुखी असतात, म्हणाली. मला तिचा विरस करवेना. परत येताना गाडीत अंदोनी म्हणाला, "बाबा, काय हवंय ते सरळ सांगत जा ना." मी म्हटले, "मला काही नको." "तेच लिहून घेतलंय तिनं," तो म्हणाला.

तिला कसे सांगू? सात वर्षांपूर्वी गावी आलो तेव्हा तुझ्याकडे यायच्या आधी मी फोन केला होता, आणि तू भर कॉफीखान्यात म्हणालास, "कॅनेडियन साहेब वेळ मागून येणार आहेत, खुर्च्या पुसा." तीन दिवस बोलला नाहीस. तिथे विचारून आलो म्हणून परका. इथे न विचारता वाट पाहतो म्हणून खुळा. पाच आणि पाच दहा होतात असे त्या मुलीला वाटते; माझ्यापाशी ते एकमेकांतून वजा होतात. मास्तरांनी पाठ करून घेतलेल्या कवितांत माणूस समुद्र ओलांडून घरी परततो. परतल्यावर त्याच्याकडे कोण येते-जाते, याविषयी एकाही कवीने काही लिहिलेले नाही.

असो. मी कुणाला काही मागत नाही, हे तुला माहीतच आहे.

तुझा,
लेफ्तेरिस

ता. क. एक गोष्ट वर लिहिली नाही. माझी स्तमातिया होती तेव्हा या दिवशी तीस-तीस माणसे यायची, खुर्च्या पुरायच्या नाहीत. माणसे रीत पाळतात, असे मी मोठ्या अभिमानाने सांगत असे. ती गेल्यावर फोनच्या खणात तिच्या हाताची यादी सापडली. दर दहा डिसेंबरला, मी न्हाव्याकडे गेलो की, ती एकेकाला फोन करायची. चाळीस वर्षे.

ता. क. दुसरा. तेव्हा तू अंदोनीला एक फोन कर. नंबर पाकिटामागे लिहिला आहे. मी सांगितले असे म्हणू नकोस. सहज आठवण झाली म्हण. (हे पत्र पोहोचेस्तोवर जानेवारी उजाडेल. तेव्हा पुढच्या वर्षासाठी.)

ता. क. तिसरा. थांब, पायरीवर बूट वाजले. पोलीसबाई आहे, तिशीचीही नसेल. दोन तास दार उघडे आहे आणि आत एक म्हातारा कोट घालून हलत नाही, असे कुणी कळवले म्हणे. टोपी काढून आत आली आहे. मी तबक पुढे केले आहे. ती विचारते, घरात आणखी कोणी आहे का. मी म्हटले, येतीलच आता.