एकोणीस ऑक्टोबरची चौकट

शनिवार, ५ सप्टेंबर

आज गिधाडांचा दिवस! सप्टेंबरचा पहिला शनिवार त्यांचा. या छापखान्यात लागून आठ महिने झाले, पण आज कोणाचा दिवस हे बघितल्याशिवाय मला सकाळचा चहा घशाखाली उतरत नाही. आई म्हणते, जगात एवढे दिवस झालेत की माणसांना साधा वारच उरला नाही.

काम माझं एवढंच. कॅलेंडरात तारखेच्या आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत जे लिहिलेलं असतं ना — जागतिक अमुक दिन, आंतरराष्ट्रीय तमुक दिन — ते पुढच्या वर्षासाठी मी भरते. वाघ, हत्ती, हृदय, ओझोन, शौचालय, सगळ्यांना एकेक चौकट. आणि प्रत्येक दिवसाची एक आधारचिठ्ठी असते, पत्र्याच्या खणात, तारखेप्रमाणे लावलेली. कोणत्या संस्थेने घोषित केला, कधी, कागद कुठला. चिठ्ठी नाही तर दिवस नाही, हा मालकांचा नियम.

तर आज एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र आलं. तुमच्या कॅलेंडरात १९ ऑक्टोबरला ‘आंतरराष्ट्रीय अबोला सोडण्याचा दिन’ आहे, आमच्या मुलांना तो साजरा करायचाय, कोणी घोषित केला ते कळवावं.

अबोला सोडण्याचा! मी खण उघडला. अठरा ऑक्टोबरची चिठ्ठी आहे. वीसची आहे. एकोणीसची नाही.

खण पूर्ण बाहेर काढून मागेही हात घातला. एक मेलेलं झुरळ मिळालं.

सोमवार, ७ सप्टेंबर

मालकांना विचारलं. मान वर न करता म्हणाले, यादी मास्तरांची होती, त्यांनीच घातलं असेल काहीतरी. तीस तारखेला छपाईचा फॉर्म मशीनवर चढतो, तोवर आधार मिळाला तर ठीक, नाहीतर काढून टाका. आणि परत पेन्सिलचं टोक प्रुफावर.

मालकांचं प्रुफं वाचणं बघण्यासारखं असतं. एकतीस डिसेंबरपासून सुरू करतात आणि उलटे एक जानेवारीकडे येतात. ओळसुद्धा शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे. मलाही पहिल्याच दिवशी हेच शिकवलं — अर्थ लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते. मला अजून जमत नाही. मला अर्थ लागतोच!

दुपारी डबा खाताना बाइंडर मावशींना खोदून खोदून विचारलं. या इथल्या सगळ्यात जुन्या. पानं जुळवायची, वर पत्र्याची पट्टी मारायची, खळ लावायची, तीस वर्षं हेच. त्यांच्याकडून कळलं की मास्तर म्हणजे माझ्या आधी या खुर्चीवर बसणारे, आणि ते मालकांचे सख्खे मोठे भाऊ. आठ महिने मी इथे आहे आणि मला हे माहीत नाही! नाक खुपसण्यात माझा हात कोणी धरणार नाही असं मी समजत होते.

एकवीस वर्षांपूर्वी जूनला एकतीस दिवस छापले गेले. सगळी आवृत्ती रद्दीत. धाकटा म्हणाला यादी तुझी, थोरला म्हणाला शेवटची सही तुझी. बस. त्या दिवसापासून अबोला. पण छापखाना वडिलांचा, सोडणार कोण? मधे एक प्लायवुडचं पार्टिशन घातलं आणि दोघंही चिठ्ठ्या लिहायला लागले. चिठ्ठ्या इकडून तिकडे न्यायच्या मावशींनी. मास्तर दोन वर्षांपूर्वी घरी बसले तोवर.

मालकांचं उलटं वाचणंही त्या जूनपासूनचंच म्हणे.

बुधवार, ९ सप्टेंबर

जुनी कॅलेंडरं चाळली. एकोणीस वर्षांपूर्वी तो दिवस पहिल्यांदा आला. तेव्हापासून दर वर्षी आहे. त्याआधी चौकट कोरी. दुसऱ्या कुठल्याही कॅलेंडरात नाही, कुठल्याही संस्थेच्या यादीत नाही. शोधून शोधून डोळ्यांच्या खाचा झाल्या.

रविवार, १३ सप्टेंबर

मास्तरांकडे जाऊन आले. पत्ता मावशींनी दिला. जुनी जागा सोडून ते आता एका खोलीत राहतात, तिसरा मजला. डोळे पार गेलेत, दारात उभं कोण ते आवाजावरून ओळखतात. खोलीत अर्ध्या वस्तू खोक्यांत बांधलेल्या. मुलगी २१ ऑक्टोबरला न्यायला येणार आहे, तिच्या गावी, कायमचं. इतकं लांब की या वयात परत फिरणं नाही.

मी अजून विषयही काढला नव्हता, तर त्यांनीच विचारलं, “एकोणीस ऑक्टोबर आहे ना अजून? मला आता बारीक टाइप दिसत नाही.”

आहे म्हटलं. मग त्यांनी सांगितलं. त्या वर्षी छापून आलेलं कॅलेंडर त्यांनी भिंतीला लावलं आणि यादीत नसलेला एक दिवस त्यांना दिसला. यादी त्यांची, पाठ होती त्यांना. त्यांच्या यादीनंतर पानाला हात लावणारा एकच माणूस — धाकटा. म्हणाले, त्याला लहानपणापासून तोंडाने माफी मागता येत नाही, म्हणून त्याने छापली. मी समजलो. दर वर्षी तो दिवस मी यादीत राहू दिला. दर एकोणीस ऑक्टोबरला इस्त्रीचा शर्ट घालून जायचो आणि सगळे गेल्यावर अर्धा तास बसून राहायचो. पार्टिशनपलीकडे त्याचा दिवा दिसायचा. आज येईल, आज येईल. मग दिवा बंद व्हायचा.

मी विचारलं, तुम्ही का नाही गेलात?

म्हणाले, “छापलं त्याने होतं. पुढचं पाऊलही त्यानेच टाकायला हवं की नाही?”

वर मला बजावलं की यातलं त्याच्या कानावर घालायचं नाही. सांगितल्यावर आला तर ते येणं त्याचं राहणार नाही.

जिना उतरताना माझ्या डोक्यात एकच गोंधळ. मालक म्हणतात मास्तरांनी घातला. मास्तर म्हणतात मालकांनी. मग घातला कोणी? भुताने?

सोमवार, १४ सप्टेंबर

मालकांची उलटी वाचलेली जुनी प्रुफं बघितली. १९ ऑक्टोबरच्या प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलचा ठिपका आहे. दर वर्षी. म्हणजे एकोणीस वर्षं त्यांनी हा दिवस अक्षर न् अक्षर तपासला आणि एकदाही वाचला नाही!

बिचारे मास्तर. ज्याची वाट बघितली त्याला पत्ताच नाही. हे त्यांना सांगायचं? छे. जाता जाता त्या म्हाताऱ्याच्या हातातली तेवढीही गोष्ट काढून घ्यायची म्हणजे पाप.

बुधवार, १६ सप्टेंबर

ओझोनचा दिवस. दिसत नाही ते जपायचं म्हणे. बरं.

सोमवार, २१ सप्टेंबर

आज जागतिक शांतता दिन. आणि आमच्या कंपोझिटरचं आणि मशीनवाल्याचं पंख्यावरून असं वाजलं की विचारू नका. एकाला वारा हवा, एकाचे कागद उडतात. मालकांनी पंखा बंद केला आणि दोघांनाही घाम गाळत बसवलं. शांतता झाली!

मला मात्र दिवसभर एकच किडा. हे दिवस ठरवतं कोण, हे मला आठ महिन्यांत कळलंय — ठराव, बैठका, सह्या, शिक्के. पण पहिल्यांदा कोणाच्या मनात येतं? कोणीतरी एक माणूस असणार ना, ज्याला गिधाडांचं वाईट वाटलं. शिक्का नंतरचा. त्या माणसाचं नाव एकाही आधारचिठ्ठीवर नसतं. मी आज मुद्दाम सगळ्या चाळल्या.

आणि १९ ऑक्टोबर काढून टाकायला नऊ दिवस उरले. काढला तर मास्तर मुलीला विचारणारच, वाचून दाखव म्हणून. मग समजतील की धाकट्याने माफीसुद्धा परत घेतली.

सोमवार, २८ सप्टेंबर

केलं. नोकरी गेली तर गेली.

ऑक्टोबरचं पान घेऊन मालकांपुढे ठेवलं आणि म्हटलं, एकोणीसची चौकट जरा मोठ्याने वाचता का, सरळ? ते म्हणाले वाचलंय, चूक नाही. मी म्हटलं, चुकीसाठी नाही.

वैतागून चष्मा लावला. डावीकडून उजवीकडे वाचायला त्यांना वेळ लागला, सवयच गेलीये. “आंतरराष्ट्रीय… अबोला…” इथे थांबले. पुढचं मनात वाचलं. मग म्हणाले, कधीपासून आहे हे? मी म्हटलं, एकोणीस वर्षं. यादी मास्तरांचीच होती, दुसऱ्या कोणाची? — हे मी नाही, तेच म्हणाले. स्वतःशी. मी फक्त गप्प राहिले. एवढं गप्प मी जन्मात राहिले नव्हते.

बऱ्याच वेळाने पानावर सही केली.

मी विचारलं, आधार?

“आहे,” म्हणाले. “राहू दे.”

बुधवार, ३० सप्टेंबर

फॉर्म मशीनवर चढला. मालक रोजच्यासारखेच. मास्तरांचं नाव नाही, गाव नाही. पार्टिशनपलीकडची खोली मात्र झाडून घ्यायला सांगितली.

मुख्याध्यापिकाबाईंना खरं ते कळवलं. हा दिवस कोणत्याही जागतिक संस्थेने ठरवलेला नाही, आमच्याच छापखान्यात सुरू झालेला दिसतो, कोणी केला ते अजून कळलं नाही. साजरा करायचा तर खुशाल करा, हरकत घ्यायला कोणी येणार नाही.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

हात धुण्याचा दिवस. शाईचे हात ते, साबणाला दाद देत नाहीत.

मालक अजून गेले नाहीत. सहा दिवस उरले. मी दोनदा सहज म्हणून मास्तरांच्या मुलीचा, गाडीचा, २१ तारखेचा विषय काढला. “हं.” एवढंच. या घराण्यात तोंडं देवाने फक्त जेवायला दिलीत.

सोमवार, १९ ऑक्टोबर

आज सगळं लिहायचंय.

सकाळपासून मालक खोलीत. प्रुफ हातात, पण पेन्सिल हलत नाही. चार वाजता बाहेर आले. हातात घडी घातलेली चिठ्ठी. सवयीने सरळ मावशींपुढे धरली — मास्तरांना नेऊन द्या म्हणून. एवढं सगळं करून शेवटी चिठ्ठी! मला रडावं की हसावं कळेना.

मावशींनी खळीचे हात पदराला पुसले. चिठ्ठी काही घेतली नाही.

“माझे गुडघे गेले आता. तुमचे आहेत ना चांगले? तुम्ही जा.”

तीस वर्षांत मावशींनी मालकांना नाही म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं. मशीनवाल्याने मशीनच बंद केलं. मालक चिठ्ठी हातात धरून उभे. मग खिशात टाकली आणि मला म्हणाले, घर दाखवायला चला. त्यांना नवीन घरही माहीत नव्हतं.

पायात चप्पल एक त्यांची, एक कंपोझिटरची. मी काही बोलले नाही. परत फिरले असते.

तिसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा थांबले, दम लागला म्हणून की काय देव जाणे. दार उघडंच होतं. मास्तर खोक्यांच्या मधे खुर्चीवर बसलेले, इस्त्रीचा शर्ट घालून. पावलं ऐकून मान वर केली, पण नाव घेतलं नाही. चुकलं तर, अशी भीती असणार.

मालक उंबऱ्यावरूनच म्हणाले, “दादा, सही माझीच होती.”

मास्तरांनी हाताने शेजारचं खोकं चाचपलं आणि त्यावरची पुस्तकं खाली ठेवली, बसायला जागा केली.

“यादी माझी होती,” म्हणाले. “बस.”

मी जिन्यात जाऊन बसले आणि मनसोक्त रडले. आतून आधी बोलणं ऐकू आलं, मग चक्क भांडण! जूनच्या एकतीस तारखेला वार कोणता छापला होता, यावरून. दीड तास. त्या चौकटीचा विषय दोघांनीही काढला नाही. काढला असता तर दुसऱ्याला ओशाळवाणं झालं असतं, असं दोघांनाही वाटलं असणार.

परत येताना मालक म्हणाले, दादाने एकोणीस वर्षं छापून सांगितलं आणि मी ठिपके मारत बसलो. डोळे पुसायलासुद्धा त्यांनी ती चिठ्ठीच काढली.

बुधवार, २१ ऑक्टोबर

मास्तर गेले. स्टेशनवर मालक गेले होते पोचवायला. दर रविवारी फोन ठरलाय. आल्यावर मला म्हणाले, त्या पहिल्या वर्षीचं चिकटवलेलं मूळ पान माळ्यावर असेल, काढून ठेवा, चौकटीत बसवून दादाला पाठवू.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

पान सापडलं. तेव्हा टाइपच्या पट्ट्या कापून चिकटवत, त्यासाठी पातळ डिंक असे. एकोणीसची पट्टी मात्र चार तुकड्यांची, वाकडी, आणि खाली पिवळा डाग. खळ! ‘आंतरराष्ट्रीय’ जुन्या कॅलेंडरातून कापलेलं. ‘अबोला’ पानामागच्या गोष्टीतून, जाड टाइपात. ‘सोडण्याचा’ तंबाखूविरोधी दिनाच्या लेखातून. ‘दिन’ कुठूनही.

पान घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी एकदा बघितलं, पानं जुळवणं थांबवलं नाही. म्हणाल्या, “दोन वर्षं चिठ्ठ्या नेल्या. मग म्हटलं, एक माझीही जाऊ दे.”

पान मी त्यांच्याच कपाटात ठेवलं. मालकांना सांगितलं, वाळवीने खाल्लं, छापील प्रत पाठवा.

मग खण उघडला आणि अठरा आणि वीसच्या मधे नवी चिठ्ठी लावली. घोषित करणारी संस्था: बाइंडिंग खाते.