शेतकरी मुलासाठी दुप्पट शुल्क

वणी, १४ एप्रिल २००७

प्रिय अमर,

पत्राला 'प्रिय' लावायची रीत आहे म्हणून लावलं, हुरळून जाऊ नकोस. ग्राहक मंचाचा निकाल तुझ्याविरुद्ध लागला आणि तू माणूस पाठवलास, की हंसाबाईचे पैसे गुपचूप तुमच्या शिलाईच्या दुकानात आणून देतो, बोभाटा करू नका. त्याच्या हाती उत्तर धाडण्याजोगं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

हंसाबाई माझ्याकडे चोळ्या शिवायला टाकते. गेल्या वर्षी कापूस पडत्या भावात विकला, तरी झरीकडून एसटीने येऊन तिने तुझ्या वधू-वर सूचक केंद्रात मुलाचं, पंजाबरावचं, नाव नोंदवलं. वर्षाचं पूर्ण शुल्क भरलं. दर महिन्याला मुलींचे पत्ते मिळतील, असं पावतीवर तूच लिहून दिलंस. तीन महिने होतात न होतात तोच तुझ्या दारावर पाटी लागली: शेतकरी मुलांसाठी शुल्क दुप्पट. फरक भरा, नाहीतर पत्ते बंद. म्हातारी हातापाया पडली, तर तू म्हणालास, "आता कास्तकाराले पोरगी कोण देते, मावशी? आमाले मेहनत जास्त पडते." ती तिथून थेट माझ्या दुकानात आली आणि मशीनपाशी बसून रडली.

मला वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त आनंद झाला, अमर. सहा वर्षं मी तुझ्या अशाच एखाद्या चुकीवर टपून होते. ठरल्यावर भाव वाढवायची तुमच्या घराची खोड जुनीच. आपलं लग्न ठरलं, साक्षगंध झालं, गावभर साखर वाटली, आणि मग तुझ्या वडिलांनी ठरलेल्या मोटारसायकलीशिवाय रोख रक्कमही मागितली. बाबांचा कापूस तेव्हा घरात पडून होता, घेणारा नव्हता. तू ओट्यावर नखं कुरतडत बसलास. मी कुठे तक्रार करणार होते? साक्षगंध मोडलं की बोल पोरीलाच लागतो. केंद्राचं तसं नव्हतं. तिथे पावती होती, मुदत होती आणि दाद मागायला यवतमाळचा मंच होता.

मंचापुढे वकील लागतोच असं नाही, हे मी आधी विचारून आले. मग पाटीने नाडलेली आणखी काही घरं गाठली. तुझा वकील म्हणाला, दर वाढवणं हा मालकाचा हक्क. मी म्हटलं, पुढच्या वर्षी खुशाल वाढवा, परवडलं तर भरू. पण पैसे घेऊन झालेल्या वर्षाचा भाव मध्येच कसा बदलतो? तो कागद चाळत राहिला. दर तारखेला पंजाबराव शेतातलं काम टाकून यायचा, आईची आणि माझी भाकरी बांधून आणायचा. एकदा बाहेर चहाच्या टपरीवर तू चारचौघांत म्हणालास, "तुलेच अजून कोणी भेटलं नाही, म्हणून हे करून राह्यली." पंजाबराव उठला होता. मीच त्याला खाली बसवलं. त्या दिवशी एसटीत आम्ही पहिल्यांदा तक्रारीखेरीज काही बोललो.

तर आता उत्तर ऐक. पैसे गुपचूप घेणार नाही. २२ तारखेला, रविवारी, हंसाबाईच्या दारात मांडव आहे. पंजाबरावला पोरगी मिळाली, तुझ्या केंद्राच्या पत्त्याशिवाय. ती मी. लग्नाला ये आणि सगळ्यांसमोर हंसाबाईच्या हातात पैसे ठेव. आपल्याकडे आहेर भोंग्यावर नावानिशी पुकारतात, तुला माहीतच आहे. माइक माझ्या मामाकडे असेल. कुणाचे, किती आणि कशापायी परत आले, ते तो सावकाश, दोनदा सांगेल. आणि तू आला नाहीस, तरी तुझं नाव पुकारायचं ठरलं आहे, येणे बाकी म्हणून.

तुझी होता होता वाचलेली,
विजयमाला