मनोज धनोकार याचा फवारणी पंप जप्त करून मिळणेबाबत

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी साहेब,
निर्विष शेतमाल पडताळणी कक्ष,
अमरावती.

अर्जदार : देवीदास नत्थुजी धनोकार, भाजीपाला उत्पादक, मौजे कोल्हाडी, परतवाड्याजवळ.

विषय : अर्जदाराचा मुलगा मनोज हा दुसऱ्यांच्या शेतात विषारी औषध फवारत असल्याने, सेंद्रिय प्रमाणपत्राच्या अटीचा भंग धरून त्याचा पंप तातडीने ताब्यात घेणेबाबत.

संदर्भ : १) प्रमाणपत्रामागील अट : "उत्पादकाच्या कुटुंबातील कोणीही व्यक्ती रासायनिक औषध हाताळणार नाही."
२) आपल्या कार्यालयातील बाबूंनी खुर्चीवरून न उठता दिलेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. बाप आपल्याच लेकाविरुद्ध अर्ज घेऊन आला की कचेरीतली माणसे समजतात, दारूचे प्रकरण असेल नाहीतर वाटणीचे. येथे दोन्ही नाही. मनोज निर्व्यसनी आहे, सप्ताहात टाळ धरून उभा राहणारा आहे, आईला उलटून बोलत नाही. तरीही त्याच्यावर कारवाई व्हावी अशी अर्जदाराची इच्छा आहे, आणि ती लवकर व्हावी अशी विनंती आहे, कारण दर्यापूरकडे कपाशीच्या फवारण्या सध्या जोरात चालू आहेत.

२. मागल्या सालीही मनोज तिकडेच पंपाच्या मजुरीला जात होता. कपाशी माणसाच्या उंचीची झालेली, वारा तोंडावर. पोळ्यानंतर एक दिवस तो बांधावर कोसळला. तोंडाला फेस, डोळ्यांपुढे अंधार. सोबत काम करणाऱ्या गयासुद्दीनने त्याला जीपमध्ये आडवा घातला आणि बसलेल्या लोकांना "भाऊ, पाय वर घ्या जरा, पोरगा आपला हाये" असे म्हणत अमरावतीच्या दवाखान्यापर्यंत आणले. शुद्धीवर आल्यावर मनोजने आईला ओळखले ते तिच्या आवाजावरून. देव दयाळू आहे, मुलगा उठून बसला. मात्र दिवस मावळला की त्याला अजूनही अंधुक दिसते.

३. त्याच साली दत्तजयंतीच्या सप्ताहात बुवा कीर्तनात सांगते झाले, "पंगतीतली भाजी देवाला चालते की नाही ते मागून पाहू. आधी ती पिकवणारा घरी धड आला का, तेवढं विचारून घ्या." मंडप हसला. अर्जदार हसला नाही. त्याला पुढचे कीर्तनच ऐकू आले नाही. सरकारी अर्जात कीर्तन आणल्याबद्दल क्षमा असावी. पण अर्जदाराच्या शेतीत जो फेर झाला तो तिथून झाला, आणि कारण लिहायचेच तर खरे लिहावे. त्या मंडपातच त्याने मनाशी धरले की आपल्या वावरात औषधाचा थेंब पडणार नाही आणि मनोजच्या पाठीवर पुन्हा पंप चढणार नाही. मनोजनेही मान हलवली. पंप धुऊन माळ्यावर टाकला.

४. वांगी लावली, पत्ताकोबी लावली. अर्जदाराची पत्नी पार्बताबाई उन्हे चढायच्या आत ओळीओळीने फिरायची. मान टाकलेला शेंडा दिसला की खुडायचा, आळी सापडली की डब्यात. तोंडात गौळण, हात पानाखाली. वांगे असे निघाले की हातात धरून पाहत राहावे. आपल्या कक्षाने शनिवारच्या निर्विष भाजी बाजारात ओटा दिला. मनोज त्या ओट्यावर बसू लागला, लोकांशी बोलू लागला, घरी येऊन बाजारातल्या गमती सांगू लागला. त्याबद्दल आपल्या कार्यालयाचे आभार अर्जदार आजही मानतो.

५. पण शहरातील सुज्ञ ग्राहकांनी कुठेतरी वाचले होते की सेंद्रिय भाजी किडकी असते. ते वांगे उलटेपालटे करून भोक शोधायचे. भोक नसले की खाली ठेवायचे. एक ताई मनोजला म्हणाल्या, "औषध मारलं नसतं तर अळीने सोडलं असतं का? आम्ही शिकलेले आहोत हो." मनोज म्हणाला, "ताई, माही माय आळ्या वेचते." त्या हसल्या, "हो का, आणि बाबा काय करतात, पुसून ठेवतात?" आणि त्यांनी शेजारच्या ओट्यावरची किडकी वांगी मोठ्या समाधानाने पिशवीत भरली. पुढे तक्रार झाली. आपले पथक वावरात आले, बारकाईने हिंडले, आणि शेरा मारून गेले : "किडीचा प्रादुर्भाव आढळून येत नाही. सबब रासायनिक फवारणी झाली नसल्याचे म्हणता येत नाही." ओटा बंद झाला. जाता जाता पथकाच्या साहेबांना वाईट वाटले असावे. ते म्हणाले, "काका, थोड्या आळ्या राहू द्या ना. निसर्ग दिसला पाहिजे."

६. साहेबांचा शब्द मोडायचा कसा, म्हणून अर्जदाराने पार्बताबाईला वेचणी थांबवायला सांगितली. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आळीले का सांगू? सायबाले दाखवण्यापुरतंच खाय, मंग उपास धर?" तिचे ऐकायला हवे होते. आळीने आधी वांगी घेतली, मग पत्ताकोबी जाळीसारखी केली. त्यात पथक दुसऱ्यांदा आले आणि अत्यंत खूश झाले. अर्जदारास प्रमाणपत्र, शाल आणि नारळ देण्यात आला. फोटो निघाला. फोटोत साहेबांच्या हातात जे वांगे आहे ते वावरातले शेवटचे. ओटा परत मिळाला, ओट्यावर मांडायला काही उरले नाही. यंदा गावच्या गणपतीच्या पंगतीला अर्जदाराने बाजारातली फवारलेली भाजी विकत नेली. वाढताना कोणाच्या तोंडाकडे बघवले नाही.

७. रिकाम्या ओट्यावर एक शनिवार बसून आल्यावर मनोज म्हणाला, "बाबा, तिथं बसून का हवा विकू?" आणि त्याने माळ्यावरचा पंप खाली काढला. अर्जदार दारात आडवा उभा राहिला. मनोजने बापाला हाताने बाजूला केले, हळूच, म्हाताऱ्याला करतात तसे. "तोंडाले फडकं बांधतो नं. तुमी काहून भेता एवढे?" आता गयासुद्दीनचा दिवसाआड फोन येतो, "देवीदासभाऊ, तुमचं पोट्टं आयकत नाही. काल मळमळ होऊन राहिली होती त्याले, तरी पंप सोडला नाही. मी म्हटलं तर मलेच म्हणते, चाचा, तुमी तुमची ओळ पाहा."

८. अशा वेळी अर्जदारास प्रमाणपत्रामागची अट आठवली आणि त्याला, खरे सांगायचे तर, आनंद झाला. बापाचे ऐकत नाही तो सरकारचे ऐकेल. अटीचा भंग झाला आहे, पथक येईल, पंप उचलून नेईल. प्रमाणपत्र गेले तर जाऊ दे. या आशेने तो आपल्या कार्यालयात आला. तेथे त्याला समजले की मनोज त्याच्या आधीच येऊन गेला होता. बापाचे प्रमाणपत्र आपल्यामुळे जाऊ नये म्हणून, आपण विभक्त झालो आहोत, बापाशी आपला व्यवहार नाही, असे तो लिहून देऊन गेला. घरी विचारले तेव्हा जमिनीकडे पाहत म्हणाला, "तुमचं नाव कायले खराब होऊ द्यायचं?" असल्या मुलावर रागवावे तरी कसे, हे कोणत्याही बुवांनी अर्जदारास अजून सांगितलेले नाही.

९. आपले बाबू म्हणाले, "मुलगा वेगळा निघाला ना? मंग तो कुठं काय मारते, आमाले काय घेणं? तुमचं प्रमाणपत्र साबूत आहे, काका. पेढे चारा." मागच्या रांगेतले लोकही हसले. अर्जदाराने विचारले, मग पोराकडे कोणते कार्यालय पाहते? बाबू म्हणाले, "आमचा कक्ष मालाचा आहे. माणसाचा नाही." हे ते रागाने बोलले नाहीत. जे आहे ते सांगितले. त्यांच्या लेकराबाळांना परमेश्वर सुखात ठेवो.

१०. माणसाचा कक्ष नसेल तर मनोजला माल धरावे, अशी अर्जदाराची पर्यायी विनंती आहे. वांग्याच्या सालीवर औषधाचा अंश राहिला आहे का, हे पाहणारे यंत्र आपल्याकडे आहे. त्यात मनोजचा सदरा घालून पाहावा. आळी शोधायला आलेले पथक वावरभर ओणवे होऊन हिंडले होते. तेच पथक एक सकाळ दर्यापूरच्या कपाशीत पाठवावे. वांगे खाणाऱ्याच्या पोटात विष जाऊ नये म्हणून कायदा एवढा जागा आहे, तर ज्याच्या नाकातोंडात ते रोज जाते तो निदान वांग्याच्या बरोबरीचा धरावा. याहून जास्त मागणी नाही.

११. राहिला प्रश्न विभक्तपणाचा. ते साफ खोटे आहे आणि अर्जदार त्यास हरकत घेत आहे. मनोज अंधार पडता घरी येतो, चाचपडत उंबरा ओलांडतो, अंगणात आंघोळ करतो. पार्बताबाई त्याचा सदरा काठीने उचलते आणि बाकीच्या धुण्यात मिसळू देत नाही. पण ताट तिने वेगळे केलेले नाही. ती म्हणते, "सरकारले सांगजा, माह्या लेकाले मी वेगळा नाई काढला. चूल एकच हाय." खात्री करायची असल्यास आपण स्वतः संध्याकाळी जेवायच्या वेळेस यावे. ज्वारीची भाकर आणि बेसन असते. घरात भाजी नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

तरी साहेबांनी मनोज देवीदास धनोकार हा अर्जदाराच्याच कुटुंबातील आहे असा लेखी शेरा मारावा, त्या शेऱ्याने अर्जदाराचे प्रमाणपत्र रद्द करावे, आणि मुलाच्या पाठीवरचा पंप शासनजमा करावा.

आपल्या एका शेऱ्याची वाट पाहणारा,

देवीदास नत्थुजी धनोकार
मौजे कोल्हाडी
दि. ११ ऑक्टोबर २०१८

सोबत :
१) मूळ प्रमाणपत्र. परत पाठवू नये.
२) मनोजने दिलेल्या विभक्तपणाच्या कागदाची नक्कल. त्यावर बापाची म्हणून जी सही आहे ती मनोजने केली आहे. आईच्या अंगठ्याची जागा कोरी आहे. तो तिने दिला नाही.