मंजूच्या गालावरचा चिखल

बिरसी, ५ ऑगस्ट २०२४

चि. प्राचीस, आबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नको. लिहायला बसलो की हात थांबतो, आणि फोनवर हे बोलवत नाही.

तुझ्या मंजूआत्याच्या खुनाची तू काढलेली चित्रं शेजारच्या गुड्डूनं मोबाइलवर दाखवली. टीव्हीवर त्या खुनाची मालिका गाजली तेव्हा मी घरातला टीव्हीच बंद ठेवला होता. आता चौकात सगळे तुझी चित्रं पाहून राहिले. उदाराम म्हणाला, नातीनं नाव काढलं. विहीर तीच, जावयाच्या हातातली कुऱ्हाडही तशीच. पण प्रत्येक चित्रात ती मरून पडली आहे, आणि तोंड तिचं नाही. तिचा एकुलता एक फोटो टीव्हीवाल्यांनी नेला, परत दिला नाही. आता डोळे मिटले की तुझ्या चित्रातली बाई दिसते. माझी पोरगी दिसत नाही.

वेळेवर जेवत जा. अंधारात एकटी फिरू नको.

तुझा आबा, टिकाराम


नागपूर, १४ ऑगस्ट २०२४

ती. आबांस, सा. न.

चुकलं माझं. आत्या गेली तेव्हा मी पाळण्यात होते, म्हणून टीव्हीवरच्या त्या मालिकेतल्या नटीचा चेहरा घेतला. दिवाळीनंतर गोंदियात प्रदर्शन आहे. त्याआधी आणखी एक चित्र काढते. ती कशी दिसायची? बाबांना विचारलं तर ते उठून जातात. तुम्ही रागावून का होईना, पण लिहा. माया पातळ होऊ देऊ नका.

आपली प्राची


बिरसी, २७ ऑगस्ट २०२४

चि. प्राचीस, आशीर्वाद.

नाकडोळे सांगता येत नाहीत बेटा. रोज दिसणाऱ्या तोंडाकडे कोण निरखून पाहतो? एक आठवते. धानाची रोपं लावून रोवणा संपला की आपल्याकडे बाया मालकाला चिखल फासतात. मी बांधावरून पळायचो आणि मंजूच मला धरायची. म्हणायची, बाबा, आता कुठं पळता? तिचेही गाल चिखलानं भरलेले, दात तेवढे पांढरे.

यंदाचा रोवणा संपला. बाया नमस्कार करून घरी गेल्या. म्हाताऱ्याला कोण चिखल लावते?

नागऱ्याच्या जत्रेत तू हसलीस तेव्हा तुझी आजी रुख्मा दचकली होती, मंजूच हसली म्हणून. मी तिला गप्प केलं होतं. खरं तर मीही दचकलो होतो. तर आता आरसा घे, गालांना चिखल लाव आणि हस. ते काढ. बाजूला मलाही काढ, तिच्या हाती सापडलेला.

मोतीबिंदू वाढून राहिला. दिसते तोवर पाठव. पोस्टमन दिसला की मी फाटकात जाऊन उभा राहतो. दोन ओळी तरी लवकर लिही.

तुझा आबा