घर शांत झालंय म्हणतात

२ डिसेंबर १९९३

पोराला आज दोन महिने झाले. कुणी विचारलं तर म्हणते, चांगलं आहे. चांगलंच आहे. रडतं, मुततं, झोपतं. पण ते माझं आहे असं वाटत नाही — कुणीतरी ठेवून गेलं आणि न्यायला यायचं विसरलं, तसं वाटतं. हे कुणाला सांगायचं? म्हणून ह्या वहीत. चौथीपर्यंत शिकले त्याचा एवढा तरी उपयोग.

वय बेचाळीस! पाळी जायला लागली असं समजून पाच महिने काढले. नातू आठ महिन्यांचा आणि त्याचा काका दोन महिन्यांचा. शेजारची नर्मदाबाई हापशावर म्हणाली, "केशरबाई, काका-पुतण्याला एकाच पाळण्यात घाला. एकच दोरी वढायची." बाया फिदीफिदी हसल्या. आधीची मी असते तर तिची घागर तिथंच फोडली असती. आपली घागर भरली, आले.

४ डिसेंबर

भाकर जळलेली होती. खाल्ली.

७ डिसेंबर

अनसूयानं, म्हणजे सुनेनं, आज दूध उतू घातलं. अख्खं पातेलं! चुलीत नुसता धूर. मी बाजेवर होते, उठले नाही. ती पातेलं उतरवायचं सोडून माझ्याकडंच बघत उभी. काय बघती काय माहीत.

११ डिसेंबर

मालक पारावर सांगायले होते म्हणं, "आमच्या घरी आता लय शांत हाय. उद्धवच्या मायचं तोंड देवानंच बंद केलं." उद्धव बी हसला म्हणं. आपला लेक! बाई सुधारली असं सगळ्यांना वाटायलंय.

झोप नाही. पोर झोपलं तरी मला नाही. घास मातीसारखा लागतो. रडू बी येत नाही, ते तर अजून वाईट. पोर रडायला लागलं की अनसूया येऊन उचलून नेते, आपल्या लेकराबरोबर त्याला बी पाजते. मी बघते आणि मनात म्हणते — बरं झालं, सुटले.

आई असं म्हणती का कुठं?

१६ डिसेंबर

विहिरीवर धुणं घेऊन गेले. धुणं झालं, तरी बसूनच राहिले. पाणी लय गार, हालत बी नव्हतं. वाटलं, परत कशाला जायचं. कुणाचं अडलंय?

मागं वळले तर अनसूया. एक पोर ह्या कडेवर, एक त्या कडेवर. "आत्याबाई, चला की. ह्ये दोघं माझ्यानं उचलंनात."

मग आणलेस कशाला? धुणं उचललं, चालले.

१७ डिसेंबर

आज बी मागं आली.

२३ डिसेंबर

झरीच्या दवाखान्यातल्या कमलबाई नर्स नातवाला डोस द्यायला आल्या होत्या. मी आत बाजेवर. बाहेर अनसूया त्यांना सांगायली होती —

"नर्सबाई, माझ्या सासूला कायतरी झालंय. दोन महिने झाले, मला एक शिवी न्हाई."

"मग नशीब काढलंस की गं!"

"हसू नका. मी मुद्दाम भाकरी जाळल्या. दूध उतू घातलं. परवा वरणात मूठभर मीठ टाकलं. तरी गप! गप खाल्लं. ह्या माझ्या सासूच न्हाईत."

भवानी! मुद्दाम जाळल्या! आणि खारट वरण मला कळलं बी नाही.

नर्सबाई आत येऊन बाजेवर टेकल्या. झोप येती का, जेवण जातं का, पोराला घ्यावं वाटतं का. मी म्हणले, "तुमी डोस द्यायला आलाव का पंचनामा करायला?" उठल्या नाहीत. आवाज बारीक करून म्हणाल्या, "केशरबाई, मरून जावं असं मनात येतं का?"

असं कुणी विचारतं का! पण विचारलं तर तोंडातून निघून गेलं. "येतं."

त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. म्हणाल्या, बाळंतपणानंतर असं मनाचं दुखणं येतं, पोटुशी असताना बी येतं. कामसू, तोंडाळ, कसल्या बी बाईला. "ह्ये वेड न्हाई. बाहेरचं न्हाई. तुमचा दोष बी न्हाई. औषध हाय त्याला, पण परभणीला दाखवावं लागंल." जाता जाता विचारलं, "ह्याच्या आधी कधी झालं होतं असं?"

"न्हाई," म्हणले.

अनसूयाला बजावून गेल्या, एकटं सोडायचं नाही, विहिरीवर तर नाहीच.

२४ डिसेंबर

मालक म्हणाले, "वेड्याच्या डॉक्टरकडं? लोक काय म्हणतील?"

अनसूया आजवर सासऱ्यासमोर बोललेली नाही. आज दाराआडून बोलली. "लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या, मामा. ह्यांना विहिरीतून काढायला लोक येणार न्हाईत, आपल्यालाच जावं लागंल."

मग मालक म्हणाले, "उद्धव, सकाळची गाडी कितीला हाय रे?"

३० डिसेंबर

परभणीला दाखवलं. डॉक्टरीणबाई, वय कमी. गोळ्या दिल्या. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील म्हणाल्या. पोराला पाजते का, हे बी विचारून घेतलं. उद्धव वाटभर माझी पिशवी धरून होता, जशी मी हरवणार होते.

६ जानेवारी १९९४

काही फरक नाही. तोंड कोरडं पडतंय.

१५ जानेवारी

विद्यापीठाचं नामांतर झालं. दंग्याच्या भीतीनं गाड्या बंद. परत दाखवायचं होतं, राहिलं. गोळ्या संपायला आल्या तर उद्धव सायकलवर परभणीला जाऊन घेऊन आला. पाय सुजले त्याचे.

१९ जानेवारी

चार तास सलग झोपले. दुपारी पोरगं शिंकलं, स्वतःच दचकलं. मला हसू आलं. आपोआप आलं!

पण नर्सबाईचं ते विचारणं मनातून जायना. ह्याच्या आधी कधी झालं होतं का. किती सहज म्हणले मी, न्हाई.

२५ जानेवारी

गाड्या चालू झाल्या. आज परभणीला डॉक्टरीणबाईला सांगितलं, नर्सबाईशी खोटं बोलले. अनसूया बाहेर बाकड्यावर होती, तिला आत बोलावलं, तिच्या देखत सांगितलं. उद्धवच्या पाठीवर मला लीला झाली होती. तीन महिन्यांची गेली. तापानं गेली असं वीस वर्षं सांगत आले. ताप नव्हता. मी तिला घेतच नव्हते, पाजत नव्हते. वाळत गेली, मी बघत होते.

पोर माझ्या मांडीवर होतं. वाटलं, आता अनसूया उचलून नेईल. नेलं नाही. माझ्याच मांडीवर राहू दिलं.