सोबत जोडलेली यादी

४ सप्टेंबर, रविवार

वही, माफ कर. पाच महिने तुला हात लावला नाही. मुलाखती, व्हिसा, सासूबाईंचं ऑपरेशन, मग इथे आल्यावर सहा आठवडे ऑफिसने दिलेली एक खोली. सबबी पुष्कळ आहेत, पण त्या सबबीच. काल स्वतःच्या भाड्याच्या घरात राहायला आले, म्हणून आज नवं पान.

घर मिळालं! सात उपनगरांचा तक्ता केला होता मी: भाडं, गाडीला लागणारा वेळ, शाळा, दवाखाना, दुकान. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, बाई, तुम्ही घर शोधताय की जावई? हसू दे. सातवं उपनगर अगदी शेवटी तक्त्यात घातलं आणि तेच पहिलं आलं. ऑफिसला गाडीने चौतीस मिनिटं, शाळा घराच्या मागेच, आणि भाडं इतरांच्या निम्मं. इतकं स्वस्त का, असं एजंटला तीनदा विचारलं. तो म्हणाला, इथून लोक सोडून जात नाहीत, त्यामुळे जाहिरातीचा खर्च नाही.

घरात काय काय आहे याची यादी इथे करारासोबत जोडतात. भिंतीवरच्या डागापासून चमच्यांपर्यंत सगळं. दर दुसऱ्या शनिवारी कोणीतरी येऊन ती ताडून बघतं. यादीतली वस्तू घराबाहेर न्यायची नाही, ही एकच अट ठळक अक्षरांत आहे. औषधांच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या नोंदी तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे यादी हातात आल्यावर गप्प बसवेना. चार तास लावून एकोणीस चुका काढल्या. एजंट जांभया देत होता.

शेवटच्या पानावर 'घरातील व्यक्ती' असा रकाना होता. माझ्या नावाखाली मी नवऱ्याचं आणि आमच्या लेकीचं, ठमीचंही लिहिलं. एजंट म्हणाला, आज घरात जे आहे तेवढंच लिहा, बाकीचं राहू दे. मला ते अर्धवट वाटलं. नोव्हेंबरअखेर दोघं येणारच आहेत, मग आत्ताच खरं का लिहू नये? ठमीचं वय नऊ, उंची, वरचा हलणारा दात, सगळं लिहिलं. 'वरील माहिती खरी आहे' याखाली सही केली. त्याने खांदे उडवले. म्हणाला, तुमची मर्जी.

९ सप्टेंबर, शुक्रवार

शेजार चांगला आहे. संध्याकाळी स्टेशनवरून येते तेव्हा प्रत्येक फाटकाशी कोणी ना कोणी उभं असतं. चौकशी करतात, मुलीबद्दल विचारतात. डावीकडच्या आजोबांनी पाव आणायला सांगितला, त्यांच्या पलीकडच्या बाईंनी दिव्याचा बल्ब. नवीन कोणी आलं की आमची सोय होते, असं आजोबा म्हणाले. हक्काने काम सांगणारी माणसं मला आवडतात. परक्या ठिकाणी तेवढीच ओळख.

एकच बारीक गोष्ट. सगळे फाटकाच्या आतूनच बोलतात. पाव घ्यायलासुद्धा आजोबांनी हात बाहेर काढला नाही, मलाच आत वाकायला लावलं. म्हातारपणाची सवय असेल. मी उगाच नोंदी ठेवत बसते.

१७ सप्टेंबर, शनिवार

पहिली पाहणी. ठीक अकरा वाजता एक बाई आल्या. नीटनेटक्या, पायात मऊ तळव्यांचे बूट, हातात कागद लावलेली पाटी आणि पेन. वीस मिनिटांत घर फिरल्या आणि नवी प्रत टेबलावर ठेवून गेल्या.

पान एक, ओळ चौदा: 'कप, निळा, एक. कान जोडलेला.' हा कप माझा आहे. ठमीने पाडला होता, कान मी जोडला. तो मी बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून आणला. मी माझ्या सामानाची वेगळी यादी दिली नव्हती, तशी ती कोणी मागितलीही नव्हती. बाईंचा गैरसमज झाला असणार. एजंटला पत्र लिहिलं.

नंतर वाटलं, आपण खरंच आणला होता ना तो? आणला होता.

२१ सप्टेंबर, बुधवार

कालची गोष्ट जशीच्या तशी लिहिते.

सकाळी कप पिशवीत घातला. गाडीत पिशवीत हात घालून बघितला, होता. ऑफिसात त्यात चहा घेतला. सहकारी म्हणाला, घर मिळालं म्हणजे आता संसार इथेच थाटणार की काय? संध्याकाळी कप टेबलावर नव्हता. घरी आले तर मांडणीवर, धुतलेला, कान भिंतीकडे.

आज छत्री नेऊन पाहिली. यादीत ओळ बत्तीस आहे. गाडीतून उतरले तेव्हा हात रिकामा होता. संध्याकाळी ती दारामागच्या खुंटीवर होती. कोरडी. दिवसभर पाऊस होता.

थकवा असेल. सहा आठवडे नीट झोप नाही.

एजंटचं उत्तर आलं: यादीवर आपली सही आहे.

१ ऑक्टोबर, शनिवार

दुसरी पाहणी. या वेळी बाईंनी माझ्याकडेही बघितलं, वरपासून खालपर्यंत, जसं कपाटाकडे बघतात. उजवा पाय पुढे करायला सांगितला. लहानपणी पत्रा लागल्याची खूण आहे तिथे. मी पाय पुढे केला. का केला?

नव्या प्रतीत 'घरातील व्यक्ती' हे पानच नाही. मी आता पान दोनवर आहे, खुर्च्या आणि पडद्यांच्या मध्ये. 'भाडेकरू, स्त्री, एक. उजव्या पावलावर जुनी खूण. स्थिती चांगली.'

खाली दोन ओळी. 'पुरुष, एक. येणे आहे.' 'मुलगी, एक. येणे आहे.'

३ ऑक्टोबर, सोमवार

आठ दहाच्या गाडीत बसले. खिडकीपाशी. दोन स्टेशनं मोजली. मग स्वयंपाकघरात उभी होते. अंगात कोट, हातात तिकीट, बूट ओले.

आठ चाळीसच्या गाडीने पुन्हा गेले. पुन्हा स्वयंपाकघर.

तिसऱ्यांदा पायी निघाले. फाटकाबाहेर दोनशे सहा पावलं. पुढची मोजता आली नाहीत.

ऑफिसला बरं नाही म्हणून कळवलं. हे खोटं आहे का? बरं नाहीच.

४ ऑक्टोबर, मंगळवार

आजोबांना कुंपणावरून विचारलं. त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. सुरुवातीला सगळेच चिडतात, म्हणाले. त्यांनीही स्टेशनपर्यंत पुष्कळ फेऱ्या मारल्या. घर सोडायची नोटीस देते म्हटलं, तर हसले. म्हणाले, ती मीही दिली होती बाई, आता माझ्या यादीत आहे, ओळ एकसष्ट, ड्रॉवरमध्ये. मग म्हणाले, माझी बायको यायची होती. मी यादीत तिचं नाव घातलं नाही, विसरलो, आणि ती आलीच नाही. इतकं बरं वाटतं त्या विसरण्याचं.

मी विसरले नाही.

६ ऑक्टोबर, गुरुवार

नवऱ्याला सगळं सांगितलं. जसं घडलं तसं, तारीखवार. येऊ नका म्हटलं. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलला. म्हणाला, अगं, एकटी राहून असं होतं, जेवतेस ना नीट? मी रडले. रडायला नको होतं.

तासाभराने पुन्हा त्याचा फोन. सुट्टी टाकली, तिकिटं बदलली. नोव्हेंबर नाही, १६ तारखेला निघतायत. तुला अशी सोडून राहीन होय मी, म्हणाला.

पहिल्यांदा खरं लिहिलं, आता खरं सांगितलं. दोन्ही वेळा मीच—

९ ऑक्टोबर

ठमीला फोनवर म्हटलं, तू हट्ट कर, जायचं नाही म्हण. ती म्हणाली, वेडी आहेस का आई, मी कधीची बॅग भरून बसलेय. मग बॅगेतल्या वस्तू एकेक करून सांगितल्या. मी नको नको म्हणत होते. कोणी ऐकत असेल तर—

ओळी वाढतील.

१२ ऑक्टोबर

समोरच्या घरात नवा भाडेकरू. तरुण आहे, गाडीतून खोकी उतरवतोय, शीळ घालतोय. सांगायला म्हणून फाटकापर्यंत धावले.

सांगितलं नाही. दूध मागितलं.

आणून दिलं त्याने. हसून. मी हात बाहेर काढला नाही.

१५ ऑक्टोबर, शनिवार

पाहणी. ओळ सत्तेचाळीस: 'मुलगी, एक. वरचा दात काल पडला. निघण्याच्या तयारीत.'

दुपारी ठमीचा फोन. आई, ओळख काय झालं! काल दात पडला! मुद्दाम सांगितलं नव्हतं, इथे येऊन दाखवणार होती, पण राहवलं नाही.

उद्या विमान. खरं सांगून नवरा थांबत नाही. जितकं खरं तितका लवकर येतो.

मग ते—

केलं. संध्याकाळी पाच वाजता त्याला फोन. म्हटलं, वेडबिड काही नाही, ते सगळं रचलेलं होतं. इथे दुसरं कोणी आहे. तुम्ही दोघं नको आहात मला. दोघंही.

तो ओरडेल, पुरावा मागेल, असं वाटलं होतं. एवढंच विचारलं, ठमीपण? मी हो म्हटलं.

अठरा वर्षांत त्याच्याशी एकदाही खोटं बोलले नाही. म्हणून एका वाक्यात पटलं त्याला.

१६ ऑक्टोबर

विमान गेलं. ते दोघं घरीच. त्याने तीनच शब्द पाठवले: तिकिटं रद्द केली.

यादी टेबलावर. 'पुरुष' आणि 'मुलगी', दोन्ही ओळींवर एकेक सरळ रेघ, बाजूला सही, तारीख. आम्ही प्रयोगशाळेत चूक खोडतो तशी. सही माझी. मी केलेली नाही.

खाली नवी ओळ. 'वही, एक. वापरात.'

खरं काय ते एकदा तरी ठमीला— नाही. कळलं की येतील.

उद्याचं काम: फोन वाजेल. उचलायचा नाही. कितीही वाजला तरी. तिकडे तीच असली तरी. आई, दात जपून ठेवलाय, तुला दाखवा—