ह्यांची निळी नळी

जालना. सोमवार, ३ मार्च १९४१

पुन्हा निळी! शनिवारीही निळीच होती. डॉक्टरांनी दिलेल्या निळ्या औषधात ह्यांच्या लघवीचे थेंब टाकून काचेची नळी तापवायची. साखर असली की रंग विटकरी होतो. महिनाभर विटकरीच होत होता. ना गोड सुटलंय, ना हे पायी फिरतात, आणि नळी निळी? पाणी टाकत असतील! उद्यापासून मी दारात उभी राहणार.

बुधवार, ५ मार्च

पाणी नाही टाकलं. आज विटकरी. एवढं औषधपाणी करायचं, आणि हे असं! दिवसभर मी ह्यांच्याशी बोलले नाही.

शनिवार, ८ मार्च

निळी. आणि तोंडाला मोहाच्या दारूचा वास! "काल भुजंगच्या गुत्त्यावर बसलो होतो, कपड्यांना लागला असंल." कपडे हुंगले. कपड्यांना काही नाही. मग म्हणतात, "थोडी घेतली की साखर उतरती. नळीच बघ ना."

औषध म्हणे! मला काय दूधखुळी समजतात? ठरवलं. वास आला की ताट नाही.

मंगळवार, ११ मार्च

संध्याकाळी वास. रोजची इन्शुलिनची सुई टोचून घेतली आणि पाटावर येऊन बसले. मी चूल विझवली. "सुई घेतली गं, जरा तरी वाढ." नाही वाढलं. उपाशी झोपले. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

बुधवार, १२ मार्च

सकाळी घामानं चिंब, हात थरथरताहेत, मलाच "आई" म्हणतात. दारू अजून उतरली नाही वाटतं, म्हणून दार ओढून विहिरीवर गेले. परत येते तो डोळे फिरलेले, हाक ऐकू जाईना.

शेजारच्या उषाबाईंनी डॉक्टरांना आणलं. शिरेतून साखर दिली तेव्हा डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, "सुई साखर उतरवते. दारू पोटात असली की साखर पुन्हा वर चढत न्हाई. त्यात उपास! अजून तासभर गेला असता तर काही हाती लागलं नसतं. रात्री जेवले का न्हाईत?"

मी तोंड उघडायच्या आत ह्यांनीच सांगितलं, "भूक नव्हती."

शुक्रवार, १४ मार्च

विचारलं, कशाला घेत होता? मग म्हणाले, "नळी विटकरी आली की तू बोलत न्हाईस."

आज विटकरी आली. ताट वाढलं, आणि ह्यांचं जेवण होईपर्यंत मी समोर बसून बोलत राहिले.